ऐन पडल्यावर कुड्याची पाने लहान झाल्याबाबत

प्रति,
मा. वनक्षेत्रपाल साहेब,
वन परिक्षेत्र कार्यालय, कातळबंदर,
जि. रत्नागिरी.

अर्जदार : सखाराम बाबल्या डोर्लेकर, धंदा मासेमारी, रा. खालची वाडी, मौजे कातळबंदर.

विषय : देवराईतील कुड्याच्या झाडांना सावली मिळणेबाबत, ते न जमल्यास पाने का लहान झाली याचा दाखला मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या वनरक्षकांनी केलेला निळ्या ताडपत्रीचा जप्ती पंचनामा.

महोदय,

१. अर्जदार आदरपूर्वक कळवितो की, देवदिवाळीच्या जत्रेत आमच्या गावदेवाला, म्हणजे राखणदाराला, शेरभर तांदळाचा भात एकाच पत्रावळीवर वाढण्याची रीत आहे. पत्रावळ कुड्याच्या नऊ पानांची, नारळाच्या हिरांनी टाचलेली. ती टाचण्याचा मान अर्जदाराची पत्नी गोदूबाई हिचा. लग्न होऊन आल्यापासून तिच्या पत्रावळीवरून भाताचे शीत खाली पडले नव्हते. अर्जदाराच्या घरात मान मिळण्यासारखे दुसरे काही नाही, हेही साहेबांच्या नजरेस आणतो.

२. देवराईतला जुना ऐनाचा वृक्ष दोन वर्षांपूर्वीच्या वादळात आडवा झाला. खात्याने खोड नेले, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच्याखालचे कुडे जन्मभर सावलीत वाढलेले. त्यांची पाने रुंद, पातळ, मऊ. वरून गळेल तेवढा कवडसा झेलायला पसरून राहायची. आता डोक्यावर उघडे आभाळ आल्यावर जुनी पाने करपली. नवी आली ती लहान, जाड आणि ताठ. हीर टोचली की फाटतात. दुपारी ऊन चढले की अंग चोरून उभी राहतात. उजेड कमी तर पान मोठे, उजेड जास्त तर पान लहान, असा हा उफराटा कारभार आहे. अर्जदाराची नात शमिका कॉलेजात शिकते. तिचे म्हणणे असे की यात उफराटे काही नाही, ऊन भरपूर मिळाल्यावर झाडाला मोठे पान कशाला हवे? झाडाला नको असेल, राखणदाराला हवे आहे.

३. गेल्या देवदिवाळीस नऊ पानांत भात मावेना. ढीग घसरला आणि मूठभर भात सभामंडपात जमिनीवर गेला. नेमक्या त्याच आठवड्यात होड्या रिकाम्या आल्या. झाले, बांगडा मिळाला नाही तो गोदूबाईमुळे, असे गावाने ठरवून टाकले. बांगडा कुड्याची पाने मोजून जाळ्यात येतो, हे अर्जदाराला इतकी वर्षे दर्यावर जाऊन कळले नव्हते. गोदूबाईची धाकटी जाऊ योगिनी हिने तर चारचौघांत सांगितले की, जाऊबाईंनी हात आखडता घेतला, पुढच्या खेपेस मी सावर्ड्याहून कागदाची भली मोठी पत्रावळ आणते. मान कोणाकडे ठेवायचा, ते गावकरी येत्या श्रावणात बैठक घेऊन ठरवणार आहेत.

४. म्हणून अर्जदाराने चैत्रात, पालवी फुटायच्या वेळी, होडीवरची ताडपत्री दोन कुड्यांवर बांधली. वनरक्षकांनी ती वनजमिनीवरील विनापरवाना बांधकाम म्हणून जप्त केली. ज्याला भिंत नाही, दार नाही आणि आत राहायला खात्याचीच दोन झाडे आहेत, ते बांधकाम कसे, असे अर्जदार नम्रपणे विचारू इच्छितो. ताडपत्री होती तोवर आलेली पाने चांगली वीतभर झाली होती. एक फांदी तेवढी बाहेर डोके काढून उन्हात गेली. तिला अर्जदाराने परोपरीने समजावले, तिने ऐकले नाही.

५. तरी खात्याच्या रोपवाटिकेतली हिरवी जाळी देवदिवाळीपर्यंत द्यावी. जाळी शिल्लक नसल्यास पडलेल्या ऐनाएवढाच ऐन श्रावणापूर्वी त्या जागी उभा करावा. तेही अंदाजपत्रकात बसत नसल्यास एक कर्मचारी दुपारपुरता छत्री धरून उभा करावा. छत्री अर्जदार देईल. ताडपत्री मात्र लगेच परत मिळावी, होडी वर ओढली आहे आणि पाऊस तोंडावर आहे.

६. यातले काहीच होण्यासारखे नसेल, तर निदान दाखला द्यावा. गोदूबाई म्हणते, झाडांना जन्मात पहिल्यांदा ऊन मिळालंय, घेऊ दे त्यांना. असे म्हणते खरी, पण तेव्हापासून गावजेवणाला जात नाही. चुलीपाशी एकटी जेवते. जिने साऱ्या गावाच्या देवाला पान मांडले, तिला पंगतीत बसायची लाज वाटते, हे अर्जदाराला बघवत नाही. दाखल्यात एवढेच असावे की, पाने लहान झाली ती उन्हाने, टाचणारीने नऊच्या नऊ लावली होती. खाली सही आणि गोल शिक्का. अर्जदार तो भर बैठकीत मोठ्याने वाचील. अक्षर लागले नाही, तर शमिका वाचील.

७. उत्तर घरी पाठवू नये, टपाल गोदूबाई घेते. अर्जदार बंदरावर असतो.

आपला नम्र आणि गोदूबाईचा नवरा,
सखाराम बाबल्या डोर्लेकर
दि. २८ मे २०२५

सोबत :
१) उन्हातले पान.
२) ताडपत्रीखालचे पान. पाकिटात मावेना म्हणून दुमडले आहे, कृपया उलगडून पाहावे.
३) गेल्या देवदिवाळीची पत्रावळ. गोदूबाईने ती फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवली होती, तिला न सांगता आणली आहे. पाने मोजावीत आणि तिच्या लक्षात येण्याआधी परत द्यावी.