स्टुडिओतल्या मिरच्या

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (खरंच साष्टांग. पोटावर पडून लिहितोय, कारण खुर्चीवर रोपं ठेवली आहेत.)

आधी कबुली देतो, मग तब्येतीचं विचारतो, नाहीतर विचारपूस करता करता माझी हिंमत पळून जाईल. तर आत्या, मी बाबांच्या फोटो स्टुडिओत मिरच्या लावल्यात. हे तू मोठ्याने वाचलं असशील तर मी मेलो. बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तूच त्यांना सगळं वाचून दाखवतेस, हे वरच आठवायला हवं होतं. पण खाडाखोड केली तर तू उजेडाला धरून वाचणार, तुझा स्वभाव मला माहीत आहे. त्यांनी विचारलंच तर एवढंच वाच : "स्टुडिओ रोज झाडतो, गिऱ्हाईक घेत नाही, कॅमेऱ्याला हात लावत नाही." यातलं झाडतो एवढं खरं आहे. (फोन केला असता, पण तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि गल्लीभर ऐकू जातो.) तुझा गुडघा बरा असेल अशी आशा करतो.

आता झालं काय ते सांगतो. बाबा तुझ्याकडे आले त्याच आठवड्यात मी मोबाईलवर बघितलं, की घरातल्या घरात तंबू लावून त्यात रोपं वाढवतात. आत दिवा, छोटा पंखा, ऊन नको, अंगण नको. म्हटलं, मागवूया. खोकं आलं. त्यात नळ्या, कोपरे, आणि बाहेरून काळं, आतून चांदीसारखं चमकणारं एक भलंमोठं कापड, त्याला चेन. कागदावर नुसती चित्रं, त्यात एक टकला माणूस हसत हसत सगळं जोडतोय. मीही हसत हसत जोडलं. नळ्या उभ्या केल्या, कापड वरून घातलं, खाली ताणलं, चेन ओढून घेतली आणि मग लक्षात आलं की मी आत आहे. चेनीची कडी बाहेर राहिली होती. हाका मारल्यावर आई आली, तिने चार बाजूंनी फिरून तंबू बघितला, आणि "राहा आत, तेवढीच घराला शांतता" म्हणून भाजी निवडायला निघून गेली. बोटभर फट होती, तिच्यातून पेन घालून अर्ध्या तासाने सुटलो.

मग माती. माती नसते म्हणे, नारळाच्या भुशाची दाबून केलेली वीट असते, ती पाण्यात भिजवायची. एका विटेने काय होतंय म्हणून मी तिन्ही विटा एका बादलीत टाकल्या आणि चहा प्यायला गेलो. आत्या, त्या विटा फुगतात. बादली भरली, मोरी भरली, उंबऱ्यावरून भुसा बाहेर चालत आला. आई आंघोळीला गेली ती तशीच परत आली. त्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही, भुशाशी मात्र बरंच बोलली.

रोपवाटिकेतून आठ रोपं आणली, तंबू स्टुडिओत मधोमध लावला. (दार लावता येतं अशी तेवढीच खोली आहे. गॅलरीत आईच्या दोऱ्या.) दिवा, पंखा आणि बाबांचे मोठे दिवे, सगळं एकाच बोर्डावर जोडलं. फट् झालं. बाबांचे मोठे दिवे गेले, ते अजून गेलेलेच आहेत. तंबूची वायर दुसऱ्या खोलीतून ओढली.

आणि नेमके त्याच वेळी दारात रिटायर कंडक्टर. पेन्शनच्या फॉर्मला फोटो हवा आणि आज शेवटची तारीख. मी म्हटलं बाबा नाहीत, दिवे नाहीत, मला येत नाही. ते म्हणाले, अरे बटण तर दाबशील. आता उजेड होता फक्त तंबूत. बसवलं त्यांना आत, स्टुलावर, दोन्हीकडे मिरच्या, वरून पंखा. चारी बाजूंनी चांदी, त्यामुळे तोंडावर सावलीच पडेना. मी चेनीतून डोकं घालून बटण दाबलं. फोटो त्यांनी जवळून बघितला, हात लांब करून बघितला. मग म्हणाले, "गेल्या दोन-तीन वर्षांत तुझ्या बापाने काढलेल्या प्रत्येक फोटोत मी विनातिकीट पकडल्यासारखा दिसतो रे. हा बघ, हा मी!"

झालं. दुसऱ्या दिवशी त्यांची बायको, मग शिवणक्लासवाल्या बाई आणि त्यांच्या सहा मुली. कुणी विचारलं हे यंत्र कुठलं, तर मी सरळ तोंड ठेवून सांगायचो, की हा रोपांच्या श्वासाचा गुण आहे, पण तो पापी माणसाला लागत नाही. म्हणून फोटोआधी समोरच्या मिरचीची मनातल्या मनात माफी मागायची. (मला काय, गंमत.) पण खरंच सांगतो, माफी मागताना माणसाचा चेहरा इतका छान होतो! बँकेचे मॅनेजर विसरून मोठ्याने मागायला लागले. त्यांनी काय काय कबूल केलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही, भेटलीस की सांगेन.

इथपर्यंत सगळी मजाच होती. मग परवा कंडक्टर आईसमोर म्हणाले, "आता म्हाताऱ्याला बसू दे घरी, पोरगं बघेल दुकान." आईने नुसतं माझ्याकडे बघितलं. मी उगाच दर्शनी काच पुसायला बाहेर गेलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या काचेतले फोटो नीट बघितले. जुने सुरेख आहेत. गेल्या तीन वर्षांतले सगळे पुसट. एकाचाही डोळा धड दिसत नाही. बाबा अंदाजाने काढत होते, आत्या, आणि गिऱ्हाइकांवर ओरडायचे, "हलू नका!" हलत कुणीच नव्हतं.

आता शनिवारी ते येणार, चष्मा नवा, डोळे लख्ख. आणि आल्या आल्या पहिल्यांदा कुठे बघणार? काचेत. म्हणून मी ते सगळे पुसट फोटो काढले आणि त्याच माणसांना एकेक करून बोलावून तंबूत बसवलं. त्यांना सांगितलं, जुना फोटो उन्हाने उडाला. नव्या फोटोंच्या कोपऱ्यात बाबांचा शिक्का मारला आणि त्याच जागी लावले. कंडक्टरांना दम दिलाय, तोंड उघडलं तर पुढचा फोटो बाहेर उन्हात काढीन.

बाकी सर्व क्षेम. थोरांना नमस्कार, लहान माझ्यापेक्षा कुणी नाहीच.

तुझा,
भावाचा दिवटा

ता. क. मिरच्यांना फुलं आलीत, पण येणारा-जाणारा एकेक तोडून वास घेतो. मिरची अजून एकही धरलेली नाही.

ता. क. दुसरा : खरं काम आता सांगतो. काचेत मधोमध सगळ्यात मोठा फोटो तुझा आहे, गेल्या वर्षीचा, निळ्या शालीतला. सगळ्यात पुसट तोच. शाल कळते, आत्या कळत नाही. तो बदलायला मला तूच लागणार. तेव्हा शनिवारी बाबांना एकटं पाठवू नकोस, बरोबर ये, शाल घेऊन. आई त्यांना मागच्या दाराने घरात नेऊन चहाला बसवेल, तेवढ्यात तू तंबूत. दहा मिनिटं, मग तंबू गुंडाळला. गुडघ्यासाठी स्टूल उंच केलंय.

ता. क. तिसरा, आणि पाया पडून : हे कुणालाही सांगू नकोस. बाबा काचेसमोर उभे राहून म्हणतील, बघ, याला म्हणतात फोटो, तुला जन्मात जमणार नाही. मी मान खाली घालून हो म्हणणार आहे. तूही म्हण. फक्त माझ्याकडे बघून हसू नकोस, मला आवरायचं नाही.