पिवळी साडी आणि एकसष्ट मैल

३ फेब्रुवारी, सोमवार, सकाळी ६.४०
थकलोय. चेक फ्लाईट दोनदा फेल. आमच्या इन्स्ट्रक्टर अश्विनी मॅडम म्हणाल्या, शनिवारी तिसरी आणि शेवटची. जमली तर एकट्यानं उडायची परवानगी, नाहीतर घरी. पण रूट जामखेडकडच्या कर्जतवरून आहे, म्हणजे आमच्याच शेतावरून. आता नापास होणं शक्यच नाही.
संकल्प : रोज दोन तास नेव्हिगेशन.

४ फेब्रुवारी
संकल्प उद्यापासून. पाठ धरलीय.
आईला फोन केला. शनिवारी अकराला घरावरून जाणार म्हटलं. स्लॅबवर पिवळी साडी पसरते म्हणाली. मग रस्ता सांगत बसली. कारखान्याची चिमणी, पुढं पाझर तलाव, तलावाच्या डाव्या अंगाला आपली चिंच. मी सांगितलं, चिंच एसटीनं येणाऱ्यांसाठी. विमानात डीएमई असतं, लावलेलं रेडिओ स्टेशन किती मैल लांब ते आकड्यात दाखवतं. पुण्यापासून सरळ पूर्वेला एकसष्ट मैल झाले की खाली तू.
ती "बरं" म्हणाली. पटलं नसावं.

६ फेब्रुवारी
मॅडमनी होल्डचं बटण शिकवलं. ते दाबलं की रेडिओवर दुसरं स्टेशन लावलं तरी डीएमई जुन्याच स्टेशनचं अंतर दाखवत राहतं. काढायला विसरू नका, असं तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा माझ्याकडे बघून. लिहून घेतलं नाही. एवढं लक्षात राहतं.

८ फेब्रुवारी, शनिवार, दुपारी १.१५
उड्डाण तसं छान झालं. आधी औरंगाबाद लावलं, तपासायला होल्ड दाबलं, मग पुणे लावलं. पूर्वेला निघालो. आकडा एकोणनव्वद. मग सत्त्याऐंशी. पुण्यापासून लांब जाताना अंतर कमी कसं होतंय, अशी शंका आली. पण चांगला पायलट यंत्रावर विश्वास ठेवतो. एकसष्टची वाट बघत राहिलो. खालून एक चिमणी गेली, तलावही गेला. मान वर केली नाही. एकोणऐंशीला आकडा थांबला आणि परत वाढायला लागला. म्हटलं, यंत्रही दमलं असेल.
तेव्हा मॅडम पहिल्यांदा बोलल्या. "कानिफनाथ, कर्जत मागे राहिलं, खाली जामखेड आहे. मघापासून तू औरंगाबाद किती लांब ते मोजतोयस."
होल्ड राहिलं होतं. बटण फार लहान आहे.
फेल.

९ फेब्रुवारी, सकाळी ८
आईचा फोन. तिला वाईट वाटू नये म्हणून, पिवळी साडी स्पष्ट दिसली, असं सांगितलं.
ती म्हणाली, "पिवळी वाळली न्हवती रे. हिरवी पसरली हुती."
फार लाज वाटली.
"जेवलास का? ये घरी," म्हणाली.
उद्याची एसटी. चिंचेपाशी उतरायचं.