रिकाम्या घरातली मांजर

बाल्टिमोर,
रविवार, चर्चहून आल्यावर

प्रिय अर्लीनताईस,

धाकट्या ओडेसाचा आदरपूर्वक नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? माझे आहेत तसेच आहेत, जिना उतरताना आधी त्यांची परवानगी घ्यावी लागते. साउथ कॅरोलायनाच्या उन्हाने तुला बरं वाटत असेल अशी आशा आहे. (तिथले खेकडे आपल्या खाडीतल्या खेकड्यांच्या पासंगालाही पुरत नाहीत, हे तू कबूल करणार नाहीस, म्हणून मी विचारत नाही.) तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिते आहे. पाकीट जड आहे, तेव्हा तू ते फोडशीलच. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

तर ऐक. तुझी बहीण गल्ली समितीची अध्यक्ष म्हणून चौथ्यांदा बिनविरोध निवडून आली. (मिस्टर गेदर विरोधात उभे राहणार होते, पण अर्ज माझ्याकडेच मागावा लागतो, आणि त्या आठवड्यात तो मला सापडेना.) तू गेलीस तेव्हा आपल्या ओळीत तीन घरं रिकामी होती, आता आठ आहेत. एक तर गल्ली दुरुस्तीच्या यादीत जाणार, नाही तर पाडापाडीच्या. भिंतीला भिंत चिकटलेली आपली घरं. मधलं एक पाडलं की शेजारचं कलतं, हे शहराच्या कचेरीतल्या लोकांना कोण सांगणार? मी सांगितलं. तीन वर्षं, दर मंगळवारी, चर्चची मोठी निळी टोपी घालून. शेवटी ते टोपीला कंटाळले म्हण की मला, पण माणूस पाठवायला तयार झाले. तो रिकामी घरं मोजणार, आणि ती दुरुस्त करून गरजू कुटुंबांना देणार. तीन वर्षांत पहिल्यांदा मी घरी येऊन बूट न काढता झोपले.

आणि इथेच माझं चुकलं. पाहुणा येणार म्हटल्यावर आपल्याकडच्या कुठल्या बाईला स्वस्थ बसवतं? आदल्या शनिवारी मी सगळ्या बायकांना बादल्या आणि वज्री घेऊन बाहेर काढलं. गल्लीतली प्रत्येक संगमरवरी पायरी आम्ही घासली, राहत्या घरांची आणि रिकाम्या घरांचीही. आईने आपल्याला शिकवलं तसं, खालून वर नाही, वरून खाली. मिस्टर गेदरनी (दुकानांच्या पाट्या रंगवून रंगवून त्यांचा हात अजून थांबत नाही) रिकाम्या घरांच्या खिडक्यांवर ठोकलेल्या फळ्या रंगवल्या. लेसचे पडदे, लाल फुलांच्या कुंड्या आणि एका खिडकीत करडी मांजर. मला वाटलं, असल्या गल्लीला कोण नाही म्हणेल?

तो माणूस, मिस्टर व्हिटलॉक, गाडीतून उतरलासुद्धा नाही. पंधरा दिवसांनी पत्र आलं. आपल्या गल्लीत एकही रिकामं घर आढळलं नाही, गल्ली उत्तम आहे, अभिनंदन, सबब दुरुस्तीच्या यादीतून नाव कमी करण्यात येत आहे. खोटं कशाला सांगू ताई, आधी माझी छाती फुगली. पत्र चर्चमध्ये दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा वाचताना शेवटच्या ओळीचा अर्थ डोक्यात शिरला. दुरुस्ती नाही, म्हणजे दोन हिवाळ्यांत छपरं खाली, आणि मग बुलडोझर.

त्यानंतर मी जे केलं ते आईने पाहिलं नाही, हेच बरं. जन्मभर जगाला सांगत आले की आमची गल्ली वाईट नाही, आणि त्या दिवशी शहराच्या कचेरीतल्या भर सभेत उभी राहून ती किती वाईट आहे ते पटवत होते. मी म्हटलं, "साहेब, आठ घरं ओस आहेत. आतून आभाळ दिसतं." व्हिटलॉक म्हणाला, "बाई, मी स्वतः खिडकीत मांजर पाहिली." मी म्हटलं, "रंगवलेली आहे ती." तो म्हणाला, "शक्यच नाही, शेपूट हलवत होती!" मागच्या बाकावरून मिस्टर गेदर उठले, टोपी छातीशी धरली आणि म्हणाले, "साहेब, एवढं पुन्हा एकदा बोला. जरा मोठ्याने." सगळी सभा हसली. (आमचं काम होवो न होवो, मांजर अमर झाली.)

पण हसला तोही. दुसऱ्या दिवशी परत आला, ह्या वेळी पायी. मांजरीवरून हात फिरवला, कुंडीवर टकटक केलं, एकेका घरात डोकावून आला आणि वहीत सात रिकामी घरं लिहिली. ताई, आपण यादीत आहोत! सात कुटुंबं येणार आहेत. मिसेस टॉलिव्हर माझ्या गळ्यात पडून रडली, आणि तिला तर मी आवडतही नाही. मी तिला खेकड्याचे दोन कटलेट वाढले. मला माझा फार अभिमान वाटतो आहे आणि तो मी लपवणार नाही, लपवायला जागाच उरली नाही.

तब्येतीला जप. चर्चची सगळी मंडळी तुझी आठवण काढतात, कॉयरमधल्या तुझ्या जागेवर बसून मिसेस टॉलिव्हर बेसूर गाते तेव्हा तर हमखास.

तुझी धाकटी बहीण,
ओडेसा पिंकनी

ता. क. एक बारीकशी गोष्ट राहिली. वर मी आठ घरं म्हटलं आणि व्हिटलॉकने सात लिहिली, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. आठवं आईचं. बाकीची सात शहराच्या ताब्यात आहेत, पण हे मधलं, तुझ्या नावावर आहे. त्याचं छप्पर गळतं आणि पाणी दोन्हीकडच्या भिंतींत उतरतं. ते दुरुस्त झाल्याशिवाय कुठल्याच घराचं काम सुरू होत नाही. त्या दुरुस्तीला मालकिणीची सही हवी, तीही व्हिटलॉकच्या समोर, ह्या महिनाअखेरच्या आत. नाही तर यादीतून नाव पुन्हा जाईल, आणि दुसऱ्या मांजरीचं बळ मिस्टर गेदरांच्यात नाही.

ता. क. २. "घर विक, रिकाम्या घराची पायरी कशाला घासायची?" असं तू म्हणाली होतीस आणि मी तुला नको ते बोलले. ते मी परत घेते. एवढं लिहायला मला सहा वर्षं लागली.

ता. क. ३. पाकिटात जड लागते ती किल्ली आहे, जाताना तू माझ्या दारात फेकलेलीच. आईच्या दाराशी येऊन व्हिटलॉकने विचारलं, "हेही रिकामं?" सात घरांना हो म्हणाले गं, आठव्याला जीभच वळेना. म्हटलं, "नाही, माझी ताई राहते. जरा बाहेर गेलीय, येईलच." त्याने पायरीकडे पाहिलं आणि पुढे गेला. दर शनिवारी मी आधी ती घासते, मग माझी. तू शनिवारी येणार असशील तर पायरी ओली असेल. जपून चढ.