उजवी पाकळी

३ मे १९८७, रविवार. सर्वण.
पणजीहून दुपारच्या बसने गावी आले. बी.ए.चा रिझल्ट जूनमध्ये. तोवर महिनाभर घरच्यांची उन्नती करायची असे हॉस्टेलातच ठरवले होते. आई अंगणात आमसोलं वाळत घालत होती. मी उन्नतीचा विषय काढला. आई म्हणाली, आधी पाय धू.

४ मे
धक्का. ओहोळाकाठचे शेत गौरेशदादा ट्रकवाल्या शंभूशेटला देतो आहे. खाणी पावसात बंद, तेव्हा ट्रक तिथे उभे राहणार. बदल्यात दादाला त्या यार्डात कायमची नोकरी. बाबांनी मान डोलावली आहे. त्यांची कंबर गेली, आणि दादाला चिखलात पाय घालायचा नाही.
मी विचारले, गोवा राज्य व्हायला निघाला आणि आपण भाताच्या शेतात मुरूम ओतणार? दादा म्हणाला, "राज्य जाल्यार भात कापूक कोण येतलो? मंत्री?"
असल्या प्रश्नांना उत्तर द्यायचे नसते.

५ मे
योजना लिहिली. चार पाने. शेत मी करणार. शेणखत, सुधारित बियाणे, सगळे शास्त्रशुद्ध. जेवताना वाचून दाखवली. दादाने माझ्या हातांकडे पाहिले. "तू करतली?" मी म्हटले, हो.  बाबांनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला, असे आईने मागाहून सांगितले.
उद्यापासून पाचला उठणे.

६ मे
आठ वाजले. प्रवासाचा शीण.

९ मे
शेतात गेले. बांधावरची झुडपे काढायची होती. कोयता बोथट. उजव्या हाताला फोड. तरी चार झुडपे काढली, पैकी एक जवळजवळ मुळासकट. बाबा पलीकडच्या टोकाला वाकून कापत होते. वाकू नका असे मी दोनदा बजावले.

१२ मे
ऊन फार. घरातच कृषी खात्याची पुस्तिका वाचली. वाचन हेही शेतीचेच काम आहे, हे आईला पटत नाही. तिने आमसोलं उलटायला सांगितली. अर्धी उलटली.

१५ मे
दादा आणि मी, दोघांचाही आवाज वाढला. बाबा म्हणाले, देवीला विचारूया. मी विरोध केला. ज्या घरात ग्रॅज्युएट आहे तिथे फुलाच्या पाकळीवरून निर्णय? बाबा म्हणाले, "बाय, तुजें तू सांगलें, ताजें ताणें सांगलें. आता तिचें आयकुया."

१७ मे, रविवार
देवळात गेलो. गुरवाने देवीच्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणे घातले: यंदा शेत घरच्या माणसांनीच करायचे असेल तर उजवी दे. बराच वेळ काही नाही. मग उजवी पडली.
कधी कधी श्रद्धा आणि विवेक यांचे एकमत होते, असे माझे मत बनत आहे.

१८ मे
शंभूशेट घरी आला. बाबांनी नाही म्हणून सांगितले. तो रागावला नाही. चहा घेतला आणि म्हणाला, रस्त्यापलीकडचा भाटकार, म्हणजे तिथला जमीनदार, जागा द्यायला तयार आहे, त्याच्या मुलाला लावतो कामाला. दादा उठून बाहेर गेला. जेवायलाही आला नाही. पराभव खिलाडूपणे घ्यायला शिक्षण लागते.

२२ मे
बाबा दहा वर्षांनी लहान दिसतात. दुकानावर भेटेल त्याला सांगतात, "यंदा बाय माझ्या वांगडा आसा." म्हणजे मी सोबतीला आहे. लोहाराकडून माझ्या हाताच्या मापाचा छोटा कोयता करून आणला. मला भरून आले. मूठ जरा खरबरीत आहे. फोड सुकला की वापरीन.

२६ मे
तीस तारखेला गोवा घटकराज्य होणार. पणजीत सोहळा. सुशिक्षित माणसाने इतिहासाला हजर राहायला हवे. बाबांना म्हटले, एका दिवसाचे काम, एकतीसला परत. ते म्हणाले, "बरें. पेरणी थांबवूया. तुज्या हातान सुरू करूया." दादा अंगणात सायकल पुसत होता. पुसतच राहिला.

३० मे. पणजी.
प्रचंड गर्दी. सोहळा दिसला नाही, ऐकू मात्र आला. हॉस्टेलच्या पंख्याखाली झोपणे किती वेगळे असते.

३१ मे
बस चुकली. तीन बसेस होत्या.

३ जून
नाक गळते आहे. ओल्या जमिनीत उभे राहणे धोक्याचे.

७ जून
घरी पत्र टाकले. पेरणी कशी करावी, बी किती खोल जावे, सगळे सविस्तर. शेवटी लिहिले, बाबांनी वाकू नये.

१४ जून, रविवार
दादा आला. ओला, दाराशीच उभा. आत ये म्हटले, आला नाही.
बाबा चार तारखेपर्यंत रोज बियाणाची टोपली घेऊन बांधावर बसत. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हते. मग एकट्यानेच पेरायला घेतले. तिसरा हिस्सा पेरून झाला आणि कंबर धरली. आता आडवे आहेत. बाकीच्या शेतात नुसते पाणी. दादा उद्यापासून बेळगावच्या एका ट्रकवर क्लीनर म्हणून जातो.
माझे पत्र मिळाले का, विचारले. मिळाले. बाबांनी त्याच्याकडून दोनदा वाचून घेतले.
दादा ओरडला असता तर बरे झाले असते. त्याने एवढेच विचारले, "बस आयली की बाबा विचारता, बाय आयली काय? तांकां कितें सांगू?"
मी समजावून सांगितले. रिझल्ट. सर्दी. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले. म्हटले, कापणीला मात्र नक्की येते.
"कितें कापूक?" दादा म्हणाला.
त्याला सोडायला स्टँडवर गेले. गावाकडे जाणारी डिचोलीची बस उभी होती. दादा आत जाऊन बसला. त्याच्या शेजारची सीट रिकामी होती. बस सुटेपर्यंत रिकामीच होती.