ती बोगद्यात असतानाच

आई,

आज रविवार, अठरा जानेवारी. सकाळचे सात वाजून वीस मिनिटं झाली आहेत. मी मैदानाच्या कडेला पत्र्याच्या शेडच्या पायरीवर बसलोय. आत्ताच बारा अडथळे मांडून झाले. प्रत्येक आडव्या काठीची उंची टेपने दोनदा मोजली, कापडी बोगदा वाऱ्याने सरकू नये म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवल्या, आणि मैदानाच्या बरोबर मध्ये चुन्याचं एक वर्तुळ काढलं. त्या वर्तुळात मला उभं राहायचंय. नऊ वाजता परीक्षा आहे, माझी आणि एका कुत्रीची. ती माझ्या पायाशी बसून थंडीने अंग आखडून घेतेय. मी तिच्याहून जास्त थरथरतोय, पण माझ्या अंगात स्वेटर आहे.

तुला सगळं पहिल्यापासून सांगायला हवं, कारण तू होतीस तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. गंगापूर रोडच्या पुढे, एका द्राक्षबागेला लागून, एक मॅडम कुत्री सांभाळायचं आणि शिकवायचं काम करतात. लोक बाहेरगावी गेले की त्यांची कुत्री इथे राहतात. मी सहा वर्षं इथे आहे. पिंजरे धुतो, खायला घालतो, औषधाच्या वेळा पाळतो, आणि कुठल्या कुत्र्याला काय चालत नाही याच्या पाट्या लिहितो. दहावी अर्धवट सोडलेल्या मुलाचं अक्षर बघून लोकांना नवल वाटतं. रविवारी इथे अडथळ्यांचा खेळ असतो. कुत्र्याने ठरलेल्या क्रमाने काठ्यांवरून उड्या मारायच्या, बोगद्यातून जायचं, उंच फळीवरून चालायचं, आणि मालकाने बरोबर पळत सांगत राहायचं. तू म्हणाली असतीस, "कुत्र्याला कुठली गाडी पकडायचीय?"

बरोबर पळणं मला जमत नाही. ते का, हे तुला माहीत आहे. गेल्या वर्षी मी मॅडमना विचारलं की नवीन लोकांची बॅच मला शिकवायला मिळेल का. त्या चांगल्या आहेत, पण आडपडदा ठेवत नाहीत.

"माझी ना नाही रे," त्या म्हणाल्या. "पण लोक म्हणणार, हा स्वतः पळत नाही, आम्हाला काय शिकवणार?"

"मी नुसत्या शब्दावर चालवीन, मॅडम."

"एका जागी उभं राहून? अरे, ते मलाही धड येत नाही."

"करून बघतो."

"बघ. जानेवारीतला तिसरा रविवार, सगळ्यांसमोर. बाराच्या बारा क्रमाने झाले तर बॅच तुझी. काठी पडली तर चालेल. रस्ता चुकला तर पिंजरे आहेतच."

कुत्री गावठी आहे, तांबूस, एक कान कायम दुमडलेला. तीन वर्षांपूर्वी फाटकापाशी येऊन बसली आणि मग उठलीच नाही. शिकवायला लागल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही, की ती माझे शब्द ऐकतच नव्हती. ती माझे खांदे वाचत होती. तोंडाने बोगदा सांगितला आणि छाती काठीकडे वळलेली असली, की ती काठीवरून उडी मारायची आणि शाबासकीसाठी माझ्याकडे बघायची. म्हणून मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून शिकवायला लागलो, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. समोर काठी आणि बोगदा शेजारी शेजारी. 'हूप' म्हणजे उडी, 'आत' म्हणजे बोगदा, 'वर' म्हणजे फळी. बरोबर गेली तर उकडलेल्या चिकनचा तुकडा. पहिल्या दिवशी दहापैकी तीन वेळा बरोबर गेली. तिने नुसत्या अंदाजाने केलं असतं तरी पाच आले असते. मी सगळं वहीत लिहून ठेवतो. दीड महिन्याने दहापैकी नऊ आले तेव्हा त्या आकड्याला चौकट केली.

मॅडमनी विचारलं, "शब्द एकदाच उच्चारायचा, हे तुला कुणी शिकवलं? लोकांच्या तोंडून ते काढायला मला महिने लागतात." मी म्हणालो, असंच. खरं तर ते तू शिकवलंस.

पंचवटीतली बाजारामागची ती गल्ली आठवते. पप्पांचे डोळे साखरेने अधू झाल्यावर तू त्यांचा छोटा हत्ती टेम्पो चालवायला शिकलीस. मखमलाबादच्या मळ्यांतली कोथिंबीर, फ्लॉवर, झेंडू भरून आपण सकाळी सहाला निघायचो. मला तिथून पुढे शाळा असायची. गल्लीत गाडी वळायची नाही, पूर्ण मागे घ्यावी लागायची. क्रेट ताडपत्रीपर्यंत रचलेले, डावा आरसा फुटलेला. तुला मागचं काहीच दिसत नाही. मी मागे उभा राहून ओरडतोय, "येऊ दे, येऊ दे, बास बास बास!" तू गाडी बंद करून खाली उतरतेस, कमरेला पदर खोचलेला, वर पप्पांचा जुना शर्ट.

"पहिला बास खरा का तिसरा?"

"तिसरा."

"मग पहिले दोन कशाला? एकदाच म्हण. आणि भिंत आल्यावर नको म्हणू. तू बोलणार, मला ऐकू येणार, मग पाय ब्रेकवर जाणार. तेवढ्यात हातभर जागा जाते. ती हातभर आधीच धरायची."

ओट्यावर बसलेली माणसं फुकटचं सांगायची, "डावीकडं कापा, ताई, डावीकडं!" तू खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणायचीस, "ज्यांनी भाजी घेतली नाही त्यांनी बोलायचं नाही. मी माझ्या पोराचं ऐकणार." सगळी गल्ली हसायची आणि मला मागे उभ्या उभ्या उंच झाल्यासारखं वाटायचं.

त्या दिवसाचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. एक स्कूटर घुसली म्हणून मी गाडी आणि ओटा यांच्या मध्ये सरकलो, जिथे उभं राहायचं नाही असं तू शंभरदा बजावलं होतंस. चाक बुटाला लागलं. मला पूर्ण वेळ होता, आई. शब्द तोंडात तयार होता. पण माझ्या मनात आलं, 'बास' म्हणालो तर चाक आहे तिथेच थांबेल, पायावर. मग 'पुढे घे' म्हणावं का? का 'थांब'? मी त्यातला बरोबर शब्द निवडत उभा राहिलो. एकही बोललो नाही. ओरडलो तो नंतर, आणि त्यात शब्द नव्हता.

दवाखान्यात पप्पांनी विचारलं, "ह्याने आवाज दिला नाही का?" तू म्हणालीस, "दिला असणार. तो कधी चुकत नाही. मलाच ऐकू आलं नाही." मी दोन हातांच्या अंतरावर खाटेवर पडलो होतो, जागा होतो. भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतर तू कान तपासून आलीस. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत. तू दुसऱ्या डॉक्टरकडे गेलीस. तेही तेच म्हणाले, तर घरी येऊन म्हणालीस, "त्यांच्या मशीनला काय कळतंय." मला एक पितळी शिट्टी आणून दिलीस. म्हणालीस, "ही वाजव, ही मला नक्की ऐकू येईल." मी तर गाडीबरोबर येणंही बंद केलं होतं. आणि तू प्रत्येक वेळी गाडी बंद करून, उतरून, मागे जाऊन बघून यायचीस, पुन्हा चढायचीस, गाडी दोन हात मागे घेऊन पुन्हा उतरायचीस. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायच्या. दोन वर्षं हे चाललं, मग तुला तो ताप आला आणि आठ दिवसांत सगळं संपलं. त्या दोन वर्षांत मी रोज सांगू शकलो असतो.

मग आता का लिहितोय? या कुत्रीमुळे. आजच्या मांडणीत आठवा अडथळा बोगदा आहे. बाहेर पडल्यावर नाकासमोर एक काठी दिसते, ती चुकीची. बरोबर आहे ती डावीकडची फळी. कुत्री बोगद्यातून गोळीसारखी सुटते, म्हणजे 'वर' हा शब्द ती आत असतानाच, मला दिसत नसतानाच उच्चारायला हवा. आणि मला ते जमेना. तिचं डोकं बाहेर दिसेपर्यंत मी थांबायचो, म्हणजे नक्की असावं म्हणून. तेवढ्यात ती काठीवरून गेलेली असायची. डिसेंबरात एका सकाळी ओळीने सहा वेळा असं झालं. सहाव्या वेळी ती परत आली ती कान पाडून, शेपटी पोटाशी घेऊन, जमिनीला घासत. उशीर मी केला होता आणि मान तिने खाली घातली होती.

मी खुर्चीतून उठून तिच्यासमोर मातीत बसलो आणि मोठ्याने म्हणालो, "तुझं नाही चुकलं. मी बोललोच नाही." पलीकडे बागेत कामाला आलेली माणसं होती, त्यांनी वळून बघितलं. कुत्रीने माझ्या खिशातलं चिकन हुंगलं. तिला शब्द कळले नसतीलच. मला मात्र कळलं की हे वाक्य मी पहिल्यांदा कुणाला सांगायला हवं होतं.

त्या दिवसापासून मी एक नियम केला. शेपटीचं टोक बोगद्यात दिसेनासं झालं की बोलायचं, मग मनात काहीही असो. वहीतला शेवटचा आकडा दहापैकी सात आहे. सात म्हणजे पुरेसे नाहीत. साडेआठ होत आलेत, लोक यायला लागलेत. बाकीचं नंतर लिहितो.

आता साडेअकरा.

वर्तुळात उभा राहिलो तेव्हा चौदा माणसं आणि अकरा कुत्री माझ्याकडे बघत होती. हात पाठीमागे बांधले. पहिले सात कसे झाले ते मला सांगता येणार नाही, माझा आवाज मलाच लांबून ऐकू येत होता. मग ती बोगद्यात शिरली. शेपटीचं टोक गेलं. बोगद्याचं कापड नुसतं हलत होतं, आत ती कुठे पोचली ते दिसत नव्हतं, आणि मनात तेच सुरू झालं, आत्ता का, जरा थांबून का. मी म्हणालो, "वर." एकदाच. ती बाहेर आली तीच डावीकडे वळलेली. काठीकडे तिने बघितलंही नाही. फळीवर तिच्या नखांचा आवाज झाला, आई, आणि मला पुढचे तीन शब्द जवळजवळ सुचेनात. अकराव्या उडीला मागचा पाय लागून काठी पडली. ती घाई माझ्या आवाजातली होती. बारावी साफ गेली.

मॅडम हातात पाटी घेऊन आल्या. "काठी पडली."

"हो, मॅडम."

"चालेल म्हटलं होतं ना? चेहरा काय पाडतोस. पुढच्या रविवारी सातला ये, बॅच तुझी. आणि त्या 'हूप'चं काहीतरी कर बाबा, माकडं हाकलल्यासारखं वाटतं."

मग त्यांनी मला लगेच एका गृहस्थांकडे ढकललं. लठ्ठ लॅब्राडॉर, आणि त्याच्या पट्ट्याला लोंबकळलेले ते. त्यांनी माझ्या चालण्याकडे बघून विचारलं, "पायाला काय झालं हो?"

याचं उत्तर माझ्याकडे तयार असतं. आई गाडी मागे घेत होती, तिला ऐकू आलं नाही. एवढी वर्षं हेच सांगत आलोय, पाठ झालंय. आज 'आई गाडी मागे घेत होती' इथपर्यंत आलो आणि म्हणालो, "मी आवाज दिला नाही."

"अच्छा," ते म्हणाले. "म्हणजे काही बोललातच नाही?"

"नाही. तिचं काही चुकलं नव्हतं."

त्यांनी मान हलवली. तेवढ्यात लॅब्राडॉरने त्यांना खुर्च्यांकडे ओढलं. "बघा, आमचे साहेब तर आवाज देऊनही ऐकत नाहीत. बैस बैस बैस, दहा वेळा ओरडतो मी."

"एकदाच म्हणा. आणि मग गप्प उभे राहा."

ते एकदाच 'बैस' म्हणाले, आणि गप्प राहिले. कुत्र्याने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग कुंपणावरच्या कावळ्याकडे. बराच वेळ गेला. मग बसलं. गृहस्थ इतके आनंदले की त्यांनी कुत्र्याऐवजी मलाच थोपटलं.

आई, पप्पांना हे अजून माहीत नाही. कुणी विचारलं तर ते आजही सांगतात, "हिला जरा कमी ऐकू यायचं." वाईट म्हणून नाही सांगत, तुझी बाजू घेऊन सांगतात. 'त्यांना आज सांगतो' असं मी वर एके ठिकाणी लिहिलं होतं, ते खोडलं. लिहायला मला सोपं जातं. तुला लिहिलं तेही खरं तर तू उलटून काही विचारणार नाहीस म्हणून. हा कागद वहीतच राहील, त्याला जायला दुसरी जागा नाही. पण पप्पा जेवायला थांबतात, मी आल्याशिवाय ताट घेत नाहीत. बारा वाजून दहा मिनिटं झाली आहेत. मी निघतो.