जोडीचा फेरा

चोपडा,
२० जानेवारी २०२५

प्रिय मोहिनी,

शाळेत सिस्टरांच्या ड्रिलच्या तासाला पोट दुखतं म्हणून सांगून आपण दोघी पाण्याच्या टाकीमागे चिंचा खात बसायचो, आठवतं? उन्हात बाकीच्या मुली हात वर, हात खाली करायच्या आणि तू त्यांना हसायचीस. आता रोज सकाळी मी हात वर, हात खाली करते. समोर तुझे भाऊ असतात, तेही करतात. हसायला तेवढी तू नाहीस.

इकडे ठीक आहे. यंदाची थंडी केळीला सोसवत नाही, पहाटे बागेत धूर करावा लागतो. दिपमालाच्या मुलाला दात येताहेत, तो आजी-आजोबांसकट सगळ्यांना चावत सुटलाय. तिळगूळ पोचला असेल.

जळगावला माझी केमो सुरू झाली तेव्हा तिथल्या व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने आम्हा दोघांना समोर बसवलं. पेशंट एकटा व्यायाम करतो तो लवकरच सोडून देतो, नवराबायकोने मिळून केला तर टिकतो, असं तिचं म्हणणं. चालायचं, तेही शेजारी-शेजारी, बोलता येईल इतक्या वेगाने. यांनी मान डोलावली. तुला ठाऊकच आहे, लग्नापासून हे माझ्या पुढे चालत आलेत. बाजारातल्या गर्दीत मी यांना पाठीवरून ओळखते. पहिल्या दिवशी सारखे पुढे जायचे, थांबायचे, परत यायचे. शिवाय बोलायचं काय, हा प्रश्न होताच. शेवटी केळीचे भाव सांगू लागले. अजूनही तेच सांगतात. मला ते आवडायला लागलंय.

सपाट जागा म्हणून आम्ही मारुतीच्या देवळाभोवती फिरतो. आजाराचं गल्लीत कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या डोक्याला रुमाल असतो, थंडीत तो खपून जातो. त्यामुळे लोकांनी आपापला अर्थ लावला. देवळापाशी फुलं विकणाऱ्या भिकुबाईने एकदा यांना अडवून विचारलं, "नाना, कसाना नवस शे?"

तुझे भाऊ कधी देवळाची पायरी चढले नाहीत. गंमत म्हणून म्हणाले, "शे एक."

ती एकदम गंभीर झाली. "मंग जपा. जोडाना नवस, एकटाना फेरा चालस नही."

घरी येईपर्यंत आम्ही दोघं हसत होतो.

दिवाळीनंतरच्या केमोने मला अंथरुणातून उठवेना. हे एकटेच फिरायला जाऊ लागले. मला वाटलं, सवय लागली. मग धुणं भिजवताना यांच्या सदऱ्याच्या खिशात सुपारी सापडली. हे सुपारी खात नाहीत. बरी होऊन पुन्हा देवळापाशी गेले तेव्हा भिकुबाईला हळूच विचारलं. नानांनीच तिला विचारलं होतं, जोडीदार येऊ शकत नसेल तर काय करायचं. पूजेला बायको नसली तर तिच्या जागी सुपारी मांडतात, तशी खिशात ठेवा, असं तिने सांगितलं होतं.

सुपारी मी तेव्हाच परत यांच्या खिशात ठेवली होती.

व्यायामाने भूक लागते, झोप येते. ती मुलगी खोटं बोलली नव्हती. पण हे आता व्यायाम करत नाहीत, नवस फेडताहेत. परवा मी मध्येच पारावर बसले, म्हटलं, राहू द्या आज. यांचा चेहरा बघवेना. माझा हात धरून उठवलं आणि म्हणाले, "एवढा एकच, कोकिळा." लग्नानंतर यांनी मला नावाने कधी हाक मारली नव्हती. मी उठले.

मागच्या आठवड्यात हे गाडी काढायला खाली गेले होते, तेव्हा डॉक्टरांनी मला बसायला सांगितलं. आजार यकृतात पसरलाय. पुढच्या केमोचा उपयोग नाही. मिस्टरांना मी सांगू का, असं त्यांनी विचारलं; मी सांगते म्हटलं. घरी येऊन मी सांगितलं की थोडे दिवस विश्रांती दिलीय.

यांना सांगायचं आहे, आणि या रविवारी सांगेन. भीती त्याची नाही. मी गेल्यावर हे बसून आठवत राहतील, कुठला फेरा चुकला, कुठला एकट्याने झाला. मला त्याची भीती वाटते.

म्हणून थोडं लिहून ठेवते. सोन्याची पोत दिपमालाला. खापर तुला; खापरावरची पुरणपोळी आपल्यात आता तूच करतेस, आणि सूनबाईंच्या हाती ते देऊ नकोस, फुटेल. विणलेले स्वेटर शेतावरच्या बायकांना. चालायला घेतलेले पांढरे बूट भिकुबाईला. आमचं माप एकच आहे. लाजेल, पण घेईल.

तुझ्या भावांना जे द्यायचं ते तू स्वतः येऊन दे. भेटायला आलेल्या बायका निघून गेल्या की त्यांच्याजवळ बस. सांग, पहिल्या फेऱ्याच्या आधीच आजार पसरायला लागला होता. यांच्या हातून काहीही चुकलं नाही. चुकलं असतं, तरी झालं हेच असतं. मी सांगितलं तर त्यांना वाटेल, ही समजूत घालतेय. तू मात्र त्यांना बरं वाटावं म्हणून जन्मात कधी काही बोलली नाहीस. तुझं ते खरं मानतील.

तुझी,
आधी मैत्रीण, मग वहिनी,
कोकिळा