एक थेंब डिंक

आशागड, ४ नोव्हेंबर १९६८
आलो एकदाचा! डहाणू स्टेशनावर हंसा सिस्टर टांगा घेऊन उभ्या होत्या. दवाखाना छोटासा, पण चिकूच्या वाडीत, हवेशीर. माझ्या पेटीत परदेशातून मागवलेली डिंकाची कुपी आहे. मोतीबिंदू काढल्यावर बुबुळाच्या कडेची चीर आता शिवायला नको. एक थेंब टाकला की ती मिटते. ते केसासारखे रेशमी टाके, ते टोचणं, सगळ्यातून सुटका.

६ नोव्हेंबर
पहिली रोगी नरपडची पुतळी, मासळी विकणारी. मुलगी जमुना हाताला धरून घेऊन आली. उजवा डोळा केला. दहा मोजेपर्यंत थेंब सुकला. सिस्टर बघतच राहिल्या.

९ नोव्हेंबर
पट्टी सोडली. पुतळीला जमुनाच्या कानातलं दिसलं. दोघी रडल्या.

११ नोव्हेंबर
पुतळीच्या उजव्या पापण्या चिकटल्या. डिंक ओघळला असणार. कोमट पाण्याने सुटेनात, शेवटी कात्रीने उघडल्या. कुपीबरोबरच्या कागदावर याबद्दल अवाक्षर नाही.

१२ नोव्हेंबर
पुन्हा मिटल्या. पुन्हा उघडल्या. मुंबईला आमच्या इस्पितळाच्या मोठ्या साहेबांना तार केली.

१४ नोव्हेंबर
तारेला उत्तर नाही. सकाळी कापतो, जेवायच्या वेळेपर्यंत बंद! आज कापताना रक्ताचा शिंतोडा माझ्या डोळ्यात उडाला. सिस्टर म्हणाल्या, आता हात लावू नका. मी त्यांच्यावर ओरडलो. मग करू काय? कुणी सांगेल का?

१५ नोव्हेंबर
कापायला रेघच सापडेना. पापणीचे केसही नाहीत. गालासारखी सपाट कातडी, आणि तिच्याखाली बुबुळ हलतंय. पुतळीने हळूच विचारलं, "डाक्तर, दुसरा पण मिटतो काय?"
त्या डोळ्याला मी हातही लावला नव्हता.

१६ नोव्हेंबर
डावा गेला. ओठांचे कोपरे जुळायला लागले. मी चाकू घेतला, तर जमुनाने मनगट धरलं. "बस करा, डाक्तर. तुम्ही उघडता तिथंच जास्त मिटते."
खरं आहे. माझ्या लक्षात कसं—
तरी कापलं. ती पाणी मागत होती.

१७ नोव्हेंबर
पुतळी गेली. श्वासाला जागाच—
सिस्टरही दवाखाना सोडून गेल्या, न सांगता.

१८ नोव्हेंबर
माझा उजवा डोळा उघडत नाही. कापायचं नाही. काही झालं तरी कापायचं नाही.

१९
डाव्याला फट उरलीय. ओळी एकमेकींवर— तारेला अजून—
चाकू हाताशीच आहे. एकच चीर. अगदी बारीक, उजेडापुरती. मग नाही. मग पुन्हा कधीच ना—